सिल्व्हरस्टोनचा धडा

इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे जुलै २००८ मध्ये ब्रिटिश ग्रां प्री या जगप्रसिद्ध मोटार शर्यतीची तयारी सुरू होती. लुईस हॅमिल्टन हा तरुण इंग्रज चालक भर पावसात ती शर्यत जिंकणार होता. पण त्यापूर्वी दोनच दिवस, ४ जुलै रोजी, एक घोषणा झाली. २०१० पासून ही शर्यत सिल्व्हरस्टोनला होणार नाही, पुढील दहा वर्षांसाठी ती डॉनिंग्टन पार्क येथे हलवण्यात येत आहे, असे फॉर्म्युला वनचे सूत्रधार बर्नी एक्लस्टन यांनी जाहीर केले. ज्या यजमानाच्या दारी मांडव पडला होता, त्याच्याच दारी त्याला निरोपाचा नारळ देण्यात आला.

प्रथमदर्शनी हा परक्या देशातील श्रीमंती खेळाचा व्यवहार वाटेल. मोटार शर्यतीशी आपल्या सर्वसामान्य कुटुंबांचा संबंध तो काय? पण खेळ, कला, शिक्षण, धर्मकार्य, क्षेत्र कोणतेही असो; ज्यांनी एखादी गोष्ट जोपासली ते आणि जे तिची विक्री करतात ते, यांच्यात संघर्ष उभा राहतो, तेव्हा काय घडते याचा वस्तुपाठ म्हणून हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे.

सिल्व्हरस्टोन हा मूळचा दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांचा तळ. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या त्या धावपट्ट्यांवर १९४८ साली मोटार शर्यत झाली. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पहिली शर्यत तेथेच, राजे सहावे जॉर्ज यांच्या उपस्थितीत पार पडली. १९५२ साली या जागेचा कारभार ‘ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लब’ने स्वीकारला आणि १९७१ साली ती जागाच विकत घेतली. १९२८ साली स्थापन झालेला हा क्लब कोणा धनिकाची खासगी कंपनी नव्हे. शर्यतीत उतरलेल्या चालकांची ती संस्था आहे. नफा वाटून घेण्यासाठी तेथे भागधारक नाहीत. जे मिळते ते खेळासाठी वापरावे, हा तिचा शिरस्ता.

मग अशा संस्थेच्या हातून शर्यत काढून घेण्याचे कारण काय? एक्लस्टन यांची तक्रार अशी की, सिल्व्हरस्टोनच्या सोयी जुनाट झाल्या आहेत. ही तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. २००० साली एप्रिलमधील पावसात तेथील वाहनतळांचा चिखल झाला आणि हजारो प्रेक्षकांची दैना उडाली. परंपरा सांगणाऱ्याने अंगणही झाडले पाहिजे, हे क्लबच्या धुरिणांना वेळीच उमगले नाही. तथापि खरे कारण पैशाचे होते. मलेशिया, बहारीन, चीन, अबू धाबी येथे सरकारी पाठबळावर भव्य सर्किटे उभी राहिली आणि यजमानपदाचे मोल वाढत गेले. ब्रिटिश सरकारने या शर्यतीसाठी तिजोरी उघडण्यास नकार दिला. एका क्लबने या लिलावात बोली लावायची तरी किती?

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ब्रिटिश ग्रां प्री यापूर्वीही हलली नव्हती काय? हलली होती. १९५५ ते १९६२ या काळात ती अनेकदा एंट्री येथे झाली. १९६४ ते १९८६ पर्यंत ब्रँड्स हॅच आणि सिल्व्हरस्टोन यांनी ती आळीपाळीने भरवली. त्यात कोणाला वावगे वाटले नाही. डॉनिंग्टनलाही इतिहास आहे. १९३७ आणि १९३८ साली तेथे मोठ्या शर्यती झाल्या. युद्धकाळात लष्कराने ती जागा ताब्यात घेतली. पुढे टॉम व्हीटक्रॉफ्ट या ध्येयवेड्या माणसाने पदरमोड करून १९७७ साली ते सर्किट पुन्हा सुरू केले. १९९३ साली तेथेच आयर्टन सेनाने पावसात अविस्मरणीय विजय मिळवला. तेव्हा शर्यत हलवणे हे काही पाप नव्हे.

फरक असा की, पूर्वीची स्थलांतरे एका नांदत्या ठिकाणाहून दुसऱ्या नांदत्या ठिकाणी झाली. २००८ साली शर्यत देण्यात आली ती एका नकाशाला. डॉनिंग्टनचे सर्किट फॉर्म्युला वनच्या लायक करण्यासाठी प्रचंड खर्च होता आणि तो करणाऱ्या कंपनीजवळ पैसा नव्हता. आगाऊ आसनविक्रीतून तो उभारू, असे आधी सांगण्यात आले. ते जमेना, तेव्हा १३.५ कोटी पौंडांचे कर्जरोखे काढण्याचे ठरले. त्यात जगभर मंदीचे सावट पसरले. ऑक्टोबर २००९ मध्ये रोख्यांचा बेत फसला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीचे दिवाळे वाजले. मागे उरला खणून ठेवलेला, वापरण्यास नालायक झालेला मार्ग. ज्याने ते सर्किट पुन्हा उभे केले, त्या व्हीटक्रॉफ्ट यांनी याच पडझडीच्या काळात, ३१ ऑक्टोबर २००९ रोजी, जगाचा निरोप घेतला. त्यांच्या कुटुंबीयांना ती जागा पुन्हा सावरावी लागली.

अखेर ७ डिसेंबर २००९ रोजी शर्यत सिल्व्हरस्टोनकडेच परत आली. करार सतरा वर्षांचा होता, पण शुल्कात दरवर्षी पाच टक्के वाढ करण्याची अट होती. २०१० साली १.१५ कोटी पौंड असलेले शुल्क २०१७ साली १.६२ कोटींवर गेले. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत क्लबला शर्यतीपायी अनुक्रमे २८ लाख आणि ४८ लाख पौंडांचा तोटा झाला. तेव्हा क्लबने करारातील कलमाचा आधार घेऊन २०१९ नंतर शर्यत भरवणार नाही, असे स्पष्ट कळवले. प्रतिष्ठेसाठी संस्था बुडवायची नाही, हा तो निर्धार होता. त्याचा परिणाम झाला. २०१९ साली नवा करार झाला आणि २०२४ साली तो २०३४ पर्यंत वाढवण्यात आला.

आपल्या देशाने यातून काय घ्यावे? ग्रेटर नोएडा येथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट बांधण्यात आले. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे पहिली भारतीय ग्रां प्री झाली, तेव्हा ‘भारत महासत्ता झाला’ अशा थाटाचा जल्लोष झाला. सलग तीन वर्षे सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला आणि २०१३ नंतर तो सोहळा आटोपला. कर, सीमाशुल्क, खेळ की करमणूक, असे वाद उरले. २०२३ साली मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत तेथे आली आणि दुसऱ्या वर्षी झालीच नाही. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई शर्यत झाली. राज्यात सरकार बदलले आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली. मागे समाजाची संस्था नसेल, तर सोहळा उद्योगपतीच्या ताळेबंदावर आणि मंत्र्याच्या खुर्चीवर टांगलेला राहतो.

याउलट उदाहरणही आपल्याच देशात आहे, पण त्याची वाच्यता फारशी होत नाही. १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरवत असे. ती जागा अपुरी वाटू लागली, तेव्हा क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतःचे सर्किट बांधले आणि १९९० च्या सुमारास शर्यती तेथे नेल्या. शर्यत तेथेही हलली. पण हलवली ती ज्यांनी जोपासली त्यांनी, आणि नवे घर बांधल्यावर. नारायण कार्तिकेयनसारखा चालक २००५ साली फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला, त्यामागे दक्षिणेतील याच शर्यतसंस्कृतीचे संचित होते.

इंग्रजांकडून घेण्यासारख्या गोष्टी थोड्या असतील. पण पिढ्यान्‌पिढ्या संस्था चालवण्याची त्यांची चिकाटी त्यांत निश्चित आहे. आपल्यालाही ती अपरिचित नाही. कन्याकुमारीचे विवेकानंद शिलास्मारक १९७० साली उभे राहिले, ते एकनाथजी रानडे यांनी देशभरातील सामान्य माणसाचा रुपया त्यात घातला म्हणून. ती जबाबदारी समाजाने आपली मानली होती.

उद्या पुन्हा एखादे राज्य जागतिक शर्यत आणल्याची घोषणा करील. तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत. यजमान संस्था कोणती? तोटा आला तर तो कोण सोसणार? आणि शर्यत निघून गेल्यावर त्या मैदानावर आपली मुले खेळणार की गवत वाढणार?