धीराचं कौतुक पुरे, उपचार हवेत

हैदराबादमधल्या कोठीच्या सुलतान बाजारात सकाळी शटर वर जातं, गिऱ्हाइकापुढे साड्यांच्या घड्या उलगडतात. त्या उलगडणारा माणूस रात्रभर जागा असेल, तर ते कुणाला दिसत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात साधारण २० पैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. ‘दुःख कुणाला नसतं? मन घट्ट करा,’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून अधिक हरवलं आणि मन सतत खचलेलं राहिलं, तर तो आजार असू शकतो. नैराश्यावरच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू होऊ शकते. त्या काळात गोळी न चुकवता कामावर जाणं, याला धैर्य लागतं.

अशा कौतुकाने मुकाट सोसण्यालाच प्रतिष्ठा मिळेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दवाखान्याची पायरी चढणंही त्याच धैर्यात मोजायला हवं. कोठीतल्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं सरकारी मानसोपचार रुग्णालय एर्रागड्ड्याला आहे, पण तिथे जाताना लोक आजही तोंड लपवतात. ही लाज घालवणं रुग्णाचं काम नव्हे, आपलं आहे. कोठी परिसरातल्या मराठी साहित्य परिषदेने आणि विवेक वर्धिनी शिक्षण संस्थेने यावर उघडपणे बोलावं. दुकानमालकांनी या आजारासाठीही तापासारखीच रजा द्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक गल्ल्याशेजारी लावावा.