खिडकी कागदावर उघडी, घरात बंद

घराचा नकाशा, भिंतींची आणि काचेची माहिती संगणकात भरली की ते घर किती तापेल याचा हिशेब आता हाती येतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली आणि ती पाळली जाते का हे तपासायला असे साधनही दिले. हा विषय वास्तुविशारदांचा आणि बिल्डरांचा, असे म्हणून आपण संघटनांनी तो सोडून देणे मला धोक्याचे वाटते.

भर दुपारी घरात असते कोण? पापड लाटणारी, शिलाई मशीन चालवणारी, बाळंतीण, आजाऱ्याची सेवा करणारी. तापलेले घर हा तिच्या कामाच्या जागेचा प्रश्न आहे.

संहिता सांगते की मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या घराला ५० चौरस फूट. नियम चांगलाच आहे. पण या मोजणीत सामायिक पॅसेजमध्ये किंवा डक्टमध्ये उघडणारी खिडकीही धरली जाते. मी पुनर्वसन इमारतींमध्ये काम करते. तिथल्या कितीतरी बायका पॅसेजकडची खिडकी दिवसभर लावून घेतात, कारण येणारे-जाणारे आत डोकावतात आणि घरात मुलगी एकटी असते. डक्टकडची खिडकी वरून पडणाऱ्या कचऱ्यामुळे बंद. कागदावर हे घर हवेशीर ठरते, आत बाई घामाने निथळत असते. भिंती-खिडक्यांच्या हिशेबातही बाहेरून येणारी उष्णता मोजतात. शेगडीची उष्णता त्यात नाही.

शिवाय २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे. पत्र्याच्या छपराखाली राहणारी बाई तिच्या कक्षेतच येत नाही. अशा घरांची सुधारणा कशी करावी, हे अहमदाबादेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने दाखवले आहे. त्यांनी वस्तीतल्याच बायकांना घरातील विजेचा वापर तपासायला शिकवले, छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. हिशेब बायकांना जमत नाही, ही सबब तिथे टिकली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या भागात पुनर्विकासाची सभा होईल तेव्हा तीन गोष्टी मागूया. नकाशा मंजूर होण्याआधी हा हिशेब मराठीत सर्वांपुढे ठेवावा. कोणती खिडकी मोकळ्या हवेत उघडते आणि कोणती पॅसेजमध्ये किंवा डक्टमध्ये, हे वेगवेगळे दाखवावे. आणि घर कोणाच्याही नावावर असो, दिवसभर त्या घरात राबणाऱ्या बाईला सभेत बोलायचा हक्क असावा. कोणती खिडकी खरोखर उघडी राहील, हे तिलाच ठाऊक असते.