वेताळ टेकडीवर विस्तव नेऊ नका

पुणेकरांनो, होळी तोंडावर आली आहे आणि वेताळ टेकडीवरचं गवत वाळून कोळ झालं आहे. आता पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत एक जळकं थोटूक सबंध उतार पेटवायला पुरेसं आहे. टेकडीवर रोज येणाऱ्या, फक्त रविवारी येणाऱ्या आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना हौसेनं वर आणणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. कोणत्याही कारणानं विस्तव वर नेऊ नका, आणि कुठे धूर दिसला तर 'कोणीतरी कळवलं असेल' म्हणून पुढे चालू लागू नका.

ही वाट आपल्यातल्या अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. कुणी कांचन गल्लीतून चढतं, कुणी पंचवटीतून, कुणी कोथरूडच्या बाजूनं. दगडगोट्यांची चढण संपली की सपाटी, मग जुनी दगडखाण आणि शेवटी माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा माथा म्हणजे शहराच्या मधोमध असलेलं सगळ्यात उंच ठिकाण. हवा स्वच्छ असली की नैऋत्येला सिंहगड आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो, एका अंगाला पाषाणचा तलाव आणि पूर्वेला पार क्षितिजापर्यंत पसरलेलं शहर. तिथे दोन मिनिटं टेकायचं आणि दुसऱ्या वाटेनं फेरा पूर्ण करून उतरायचं, असा कितीतरी जणांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे.

याच फेऱ्यात सध्या जरा खाली बघत चाला. पायमोज्यांत रुतणारी कुसळं, त्यांच्या बुडाशी साचलेला वाळका पाचोळा, आणि गिरिपुष्पाच्या झाडांखाली पडलेला पानांचा जाड थर. वनखात्यानं पूर्वी लावलेली ही गिरिपुष्पं थंडीत पानं गाळतात आणि या दिवसांत उघड्या फांद्यांवर गुलाबी फुलतात. फोटो सगळे फुलांचेच काढतात, पण धोका खालच्या पाचोळ्यात आहे. जवळच एखादं हातभर उंचीचं रोप दिसेल, भोवती दगडांचं आळं आणि शेजारी बुचाला भोक पाडून उलटी रोवलेली पाण्याची बाटली. कुणीतरी रोज पाठपिशवीत दोन लिटर पाणी जास्तीचं वाहून आणतं, म्हणून ते रोप फाल्गुनात जिवंत आहे. गवताची आग त्याच्यावरून अर्ध्या मिनिटात जाते. मागे उरतो तो बाटलीचा वितळलेला गोळा.

'गवत जाळलं की पुढच्या पावसात जोमानं येतं', हे अजून पुष्कळांना मनापासून खरं वाटतं. जळलेल्या जागी हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरं आहे, कारण बहुवर्षायू गवताची मुळं जमिनीखाली तगून राहतात. पण रोपं तगत नाहीत, बी जळतं, पाचोळ्यातले किडेमुंग्या मरतात. इथला खडक काळा बेसाल्ट आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्यावर मातीचा थर कुठे वीतभर, कुठे चार बोटं. गवताचं पांघरूण गेलं की जूनच्या पहिल्या जोरदार सरी ती माती राखेसकट ओढ्यात नेतात. दरवर्षी जळणारा उतार दरवर्षी थोडा जास्त बोडका होतो. जे पाणी खडकाच्या भेगांतून मुरून पायथ्याच्या विहिरी-बोअरना मिळायचं, तेही मग वरच्यावर वाहून जातं.

आणि वेळ पाहा. टिटवी मार्चपासून उघड्या माळावर, खड्यांमध्ये खडे वाटावीत अशी अंडी घालते. रातवा तर घरटं करतच नाही, त्याची अंडी पाचोळ्यात तशीच असतात. मोठी पाखरं उडून जातील. अंडी आणि पंख न फुटलेली पिल्लं कुठे जाणार?

वणवा आपोआप लागला असं म्हणून मोकळं होऊ नये. आपल्याकडचे वणवे बहुतेक सगळे माणसाच्याच हातून लागतात, काही मुद्दाम, बरेचसे निष्काळजीपणानं. सिगारेटचं थोटूक, रात्री बसलेल्या टोळक्यानं केलेली शेकोटी, वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणि फुलबाज्या. यांतली एकही गोष्ट टेकडीवर नेली नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे. पण गुन्हा नोंदवला जाईपर्यंत उतार जळून गेलेला असतो. म्हणून खरी भिस्त वाटेनं चालणाऱ्या माणसांवर आहे. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, तेवढ्या पट्ट्यात गवत नसल्यानं आग अडते. त्या रेषांवर फांद्या किंवा कचरा टाकू नका. सबंध टेकडीवर चोवीस तास नजर ठेवण्याइतकी माणसं कोणत्याही खात्याकडे नाहीत. आपण मात्र पहाटे पाचपासून अंधार पडेपर्यंत तिथे शेकड्यांनी असतो.

धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर आणि अग्निशमन दलाला १०१ वर लगेच कळवा. दोन्ही लागले नाहीत तर ११२. 'टेकडीवर आग लागलीय' एवढंच सांगून भागत नाही. खाणीच्या वरच्या अंगाला, देवळाच्या खाली पंचवटीच्या बाजूला, असं नेमकं सांगा आणि मोबाइलवरून ठिकाण पाठवा. बंब सगळीकडे चढू शकत नाही, शेवटी माणसंच ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. ते काम ज्यांना येतं त्यांच्यासोबतच करा, एकट्यानं कधीही नाही. आग चढावर फार वेगानं पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जातात. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला थांबू नका. वारा कुठून येतो ते बघून आडवं सरका आणि उघड्या कातळावर किंवा आधीच जळून गेलेल्या पट्ट्यात जा. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर फोन करून सरळ खाली उतरा. व्हिडिओ काढत उभं राहायची ही वेळ नव्हे.

टेकडीवर शेकोटी करणारं टोळकं दिसलं तर दोघाचौघांनी मिळून नीट बोला. बहुतेक मुलं समजावल्यावर ऐकतात, त्यांना हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. प्रकरण वाढेल असं वाटलं तर वाद घालू नका, पोलिसांना बोलवा.

२०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी फोडणाऱ्या रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या विरोधात हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी घसा कोरडा करून आपण टेकडी आमची असं म्हटलं. ती आपली असेल तर उन्हाळ्यातली तिची राखणही आपल्याकडेच येते. सरकारी प्रकल्पाच्या विरोधात फलक धरणं आणि मित्राच्या हातातली सिगारेट काढून घेणं यांत दुसरं काम जास्त अवघड आहे, कारण तिथे समोर ओळखीचा माणूस असतो. तरीही ते करायला हवं.

पायथ्याच्या सोसायट्यांना वेगळी विनंती आहे. बागेतला पाचोळा मागच्या भिंतीशी जाळायची सवय यंदा मोडा. भिंतीपलीकडे लगेच उतार सुरू होतो आणि दुपारचा वारा ठिणगी सहज वर नेतो. त्याच पाचोळ्याचं खत करा. होळीच्या मंडळांनी टेकडीवरचं लाकूड तोडू नये, वाळकंसुद्धा आणू नये. गोवऱ्यांची छोटी होळी पुरते. ती टेकडीच्या कडेला न रचता मोकळ्या मैदानात रचा, शेजारी पाण्याचं पिंप ठेवा आणि निखारे पूर्ण विझल्याशिवाय कुणी घरी जाऊ नका.

१९२६, १०१ आणि ११२ हे तीन क्रमांक आजच सोसायटीच्या फलकावर आणि मंडळाच्या ग्रुपवर टाका. होळीच्या रात्री झोपण्याआधी गच्चीवर जाऊन टेकडीकडे एकदा नजर टाका. उतारावर जाळ दिसला तर दुसऱ्या कुणाची वाट न बघता स्वतः १०१ लावा.