पावसानं थांबवणं वेगळं आणि संपवणं वेगळं

27 मेच्या पहाटे साडेतीनच्या पुढं फोन वाजला. पत्रकाराच्या घरात त्या वेळेला फोन म्हणजे एकतर अपघात, नाहीतर कुणीतरी गेलं. दचकून उचलला तर भाचा. "मामा, जागे आहात ना? गाड्या सुटतायत, आवाज ऐका नुसता!"

भाचा अमेरिकेत शार्लटला असतो, एका बँकेच्या आयटीत. तिथं दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस रविवारी संध्याकाळी नॅस्कारची 600 मैलांची शर्यत होते. कोका-कोला 600 म्हणतात. दीड मैलाचा गोल ट्रॅक, 400 फेऱ्या. म्हणजे साडेनऊशे किलोमीटरच्या वर, एकाच जागी गोल गोल. आपल्या माणसाला हे वेडेपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण भाच्याच्या नादानं चार वर्षं झाली बघतोय, आणि आता मला त्या गाड्यांपेक्षा तिथल्या पावसातच जास्त रस वाटायला लागलाय. या पोस्टचा विषयही तोच आहे. तीन आठवडे डोक्यात घोळत होतं, मतमोजणीच्या गडबडीत लिहायचं राहिलं.

आधी थोडं समजून घ्या. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून उचललेली साधी गाडी. 1948 मध्ये नॅस्कार सुरू झालं, त्या सुरुवातीच्या काळात खरंच तशाच गाड्या पळायच्या. आता नावच तेवढं राहिलंय. समोरचे हेडलाइट बघाल तर ते चक्क स्टिकर असतात! मोठ्या गोल ट्रॅकवर पळताना काचेवर पाणी पुसायला वायपर नसतो. आणि टायर एकदम गुळगुळीत, त्यावर एक रेघसुद्धा नाही. कोरड्या डांबराला जेवढं जास्त रबर टेकेल तेवढी पकड जास्त, हे त्यामागचं गणित. पण आपल्या टायरवरच्या खाचा पाणी बाजूला सारायचं काम करतात, इथं खाचाच नाहीत. ट्रॅक ओला झाला की टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा येतो आणि गाडी त्याच्यावर तरंगते. शार्लटच्या वळणांवर ट्रॅक 24 अंशांनी तिरका आहे, डेटोनाला 31 अंशांनी. तीनशे किलोमीटरच्या आसपासचा वेग आणि चाळीसेक गाड्या एकमेकींना चिकटून. त्यात एक तरंगली तर बाकीच्यांचं काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून मोठ्या गोल ट्रॅकवर नियम साधा आहे. पाऊस आला की थांबायचं. वाद नाही, मनधरणी नाही. विजेचंही तसंच. आठ मैलांच्या आत वीज पडली की अर्धा तास सगळं बंद. तेवढ्यात दुसरी पडली की घड्याळ परत शून्यापासून.

हे मला मनापासून आवडतं. थांबल्यावर तिथं लाखोंचं नाही, कोट्यवधींचं नुकसान असतं. टीव्हीची वेळ विकलेली असते, हॉटेलं भरलेली असतात, लोक दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेले असतात. तरी थांबतात. 2020 च्या फेब्रुवारीत डेटोना 500 ला खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आले होते, आपल्या बुलेटप्रूफ गाडीतून त्यांनी ट्रॅकवर चक्करही मारली. त्यानंतर पाऊस आला. फक्त 20 फेऱ्या झाल्या आणि शर्यत सोमवारवर गेली. 'साहेब आलेत, दोन फेऱ्या तरी होऊन जाऊ द्या' असं कुणी म्हणलं नाही. आणि सोमवारी कोरड्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत रायन न्यूमनची गाडी उलटी होऊन असा भयानक अपघात झाला की माणूस वाचतो की नाही अशी अवस्था. तो वाचला. दोन दिवसांनी मुलींचे हात धरून दवाखान्यातून चालत बाहेर आला. कोरड्यावर हे होतं, तर ओल्यावर काय?

ट्रॅक वाळवणं हीसुद्धा एक गंमत आहे. ट्रकमागं चक्क विमानाचं जेट इंजिन लावतात आणि गरम हवेचा झोत मारत ट्रॅकवरून फिरवतात. 2012 साली डेटोना 500 पावसामुळं इतिहासात पहिल्यांदाच रविवारची सोमवारी ढकलली होती. सोमवारी रात्री सुरू झाली. 160 व्या फेरीला, गाड्या हळू चालवायचा इशारा असताना, हुआन पाब्लो मोन्टोयाच्या गाडीत काहीतरी तुटलं आणि ती जाऊन थेट या वाळवणाऱ्या ट्रकवर आदळली. ट्रकमध्ये शेकडो लिटर रॉकेल. ट्रॅकवर आगीची नदीच वाहायला लागली. मोन्टोया आणि ट्रकचालक दोघंही बचावले हे नशीब. मग आग विझवून तो तेलकट ट्रॅक धुतला कशानं? टाइड पावडरनं! आपल्या बाथरूममध्ये असते ती. पावसाचं पाणी वाळवणारं यंत्रच पेटलं आणि शर्यत दोन तास थांबली, असं दुसरीकडं कुठं घडलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी मध्यरात्रीनंतर मॅट केन्सेथ जिंकला.

आणखी एक, खास आमच्या धंद्यातलं. 2014 ला त्याच शर्यतीत पावसामुळं सहा तासांच्या वर खोळंबा झाला. चॅनेलनं वेळ काढायला आदल्या वर्षीची शर्यत लावली. लोकांना वाटलं हीच आजची. आदल्या वर्षीच्या विजेत्याला, जिमी जॉन्सनला, सोशल मीडियावर अभिनंदनाचे संदेश सुटले, त्यात बातम्या देणारेही होते. मी हसलो नाही. जुना फोटो ताजा म्हणून छापल्याचं पाप मी केलेलं आहे.

तर, त्या रात्रीकडं येतो.

त्या दिवशी काईल लार्सन एकाच दिवसात दोन शर्यती करणार होता. दुपारी इंडियानापोलिसची इंडी 500, संध्याकाळी शार्लटची 600. दोन्ही मिळून 1100 मैल. वर्षभर त्याची तयारी आणि जाहिरात चालली होती. इंडियानापोलिसला पाऊस आला आणि शर्यत चार तास उशिरा सुटली. लार्सन तिथंच थांबला, ती पुरी केली, 18 वा आला, आणि विमान-हेलिकॉप्टर करत शार्लटला पळाला. तोपर्यंत त्याची गाडी जस्टिन ऑलगायर चालवत होता. लार्सन ट्रॅकवर पोचला आणि पाऊसही पोचला. 249 फेऱ्या झाल्या होत्या. शर्यत थांबली. हेल्मेट घेऊन हा पठ्ठ्या गाडीत बसायची वाट बघत उभा.

भाचा स्टँडखाली आडोशाला. मला आवाजी मेसेज पाठवत होता. "मामा, थांबलाय पाऊस. ट्रक फिरायला लागलेत." मग, "वाळतोय ट्रॅक, होईल सुरू." मग बराच वेळ काही नाही. इकडं मी चहा घेऊन, आंघोळ करून, पेपर वाचून बसलेलो. आणि त्यांच्याकडं रात्री अकरा वाजून गेल्यावर शेवटचा मेसेज. "संपली. जाहीर केलं. ख्रिस्तोफर बेल विजेता." आवाजात पोरगं रडवेलं झालं होतं.

नियमानं यात काही चूक नाही. साधारण निम्मं अंतर पार झालं की शर्यत अधिकृत धरली जाते, त्यानंतर पावसानं पुढं जाता आलं नाही तर त्या क्षणी जो पुढं तो विजेता. बेल पुढं होता, चांगलाच चालवत होता, त्याच्याविषयी कुणाची तक्रार नाही. आयोजकांचं म्हणणं, हवेत दमटपणा इतका की ट्रॅक वाळेना, वाळून उरलेली शर्यत पळवायची तर पहाट झाली असती. तेही खरं. 151 फेऱ्या उरल्या होत्या. हिशेब करा, साडेतीनशे किलोमीटरच्या वर. मुंबई ते कोल्हापूर एवढी शर्यत झालीच नाही!

पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि तिकडं मेमोरियल डेची सुट्टी होती. आदल्याच वर्षी, 2023 ला, हीच शर्यत पावसामुळं त्याच सुट्टीच्या सोमवारी घेतली होती. 2020 ला टेक्सासमध्ये 52 फेऱ्यांनंतर भुरभुर सुरू झाली, तर रविवारची शर्यत बुधवारी पुरी केली. तीन दिवस थांबले! मग इथं एक रात्र का नाही? तर निम्म्याच्या पुढं गेली होती म्हणून. टेक्सासला गेली नव्हती म्हणून थांबावं लागलं. म्हणजे निम्म्याच्या आत असाल तर तीन दिवस, आणि निम्म्याच्या पुढं असाल तर दोन-तीन तास, तेही त्या रात्री टेबलाभोवती बसलेल्यांना वाटेल तेवढे.

माझं भांडण इथं आहे. थांबवायचं कधी, याचे आकडे ठरलेले आहेत. आठ मैल, तीस मिनिटं. तिथं कुणाची मर्जी चालत नाही. पण थांबवलेलं संपवायचं कधी, याला आकडा नाही. निम्मं झालं की संपवता येतं एवढंच ठरलेलं आहे, संपवावंच असं नाही. ते त्या रात्रीच्या माणसांवर. आणि जिथं माणसांवर असतं तिथं संशय येतोच, मग ती माणसं कितीही सरळ असोत.

2019 च्या जुलैतली डेटोनाची गोष्ट बघा. पाऊस येणार असं दिसत होतं. 'एका फेरीनंतर परत वेग' असा इशारा आला म्हणून पुढं असलेला कर्ट बुश टायर-पेट्रोलसाठी आत गेला. जस्टिन हेली नावाचा पोरगा, या मोठ्या मालिकेतली त्याची तिसरीच शर्यत, तो बाहेरच राहिला म्हणून पहिला झाला. तेवढ्यात वीज पडली. सगळं बंद. घड्याळ संपत आलं की परत वीज, मग पाऊस, आणि 160 पैकी 127 फेऱ्यांवर हेली विजेता. त्याचा त्यात काय दोष? आणि बुशचा तरी काय? वीज कुणाच्या हातातली नाही, थांबवलं ते शंभर टक्के बरोबर. राहिलेल्या 33 फेऱ्या घ्यायच्या की नाही, हे मात्र माणसाच्या हातातलं होतं.

लार्सनचं तर पुढं आणखी झालं. वर्षाच्या अंतिम टप्प्यासाठी पात्र व्हायचं तर प्रत्येक शर्यत स्वतः सुरू करावी लागायची असा तेव्हाचा नियम. त्यानं शार्लटची केली नव्हती. मग सूट द्यायची की नाही यावर आठ दिवसांच्या वर विचार चालला. 4 जूनला सूट दिली (आम्ही तेव्हा मतमोजणी केंद्राबाहेर उन्हात उभे) आणि 9 तारखेला सोनोमाची शर्यत तो जिंकला. सूट योग्यच होती. पण आजारपणाला पटकन मिळणारी सूट इथं आठ दिवस का अडली, याचंही उत्तर कुठल्या आकड्यात नाही.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, 'साहेब, अमेरिकेतल्या गाड्यांचं आपल्याला काय?' सांगतो. आणि हे सांगताना मला बरं वाटत नाहीये.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात एका बैलगाडा शर्यतीला मी वार्तांकनाला गेलो होतो. गाव सांगत नाही. दुपारी जोरात सर आली. मैदानाचा पार चिखल झाला. दोन जुन्या गाडीवानांनी आयोजकांना सांगितलं, आज नको, बैलांचे पाय निसटतील. पण प्रमुख पाहुणे वाटेत होते आणि बक्षिसाची मोटारसायकल स्टेजवर हार घालून उभी होती. गाड्या सोडल्या. तिसऱ्या की चौथ्या गटात एक बैल घसरला, गाडी आडवी होऊन गर्दीत शिरली. एका नववीतल्या पोराचा पाय मोडला. त्याचा बाप मला ओळखत होता. दुसऱ्या दिवशी माझ्या बातमीचं शीर्षक होतं, 'भर पावसातही शर्यतीचा थरार'. पोराचं दोन ओळीत, शेवटी. ते शीर्षक ऑफिसनं नाही, मी दिलं होतं.

पोरगं अजून किंचित लंगडतं. बाजारात भेटलं की नमस्कार करतं.

त्यामुळं भाचा जेव्हा चिडून म्हणाला, "मामा, ह्यांना शर्यत घ्यायचीच नव्हती, पळपुटे आहेत," तेव्हा मी अर्धंच मान्य केलं. त्याला सांगितलं, तुझं तिकीट वाया गेलं, ती तक्रार खरी आहे, ती कर, त्यांना लिही की सोमवारी का घेतली नाही. पण पाऊस पडताना त्यांनी थांबवलं त्याला पळपुटेपणा म्हणू नको. ते अवघड काम आहे. मी एकदा ते होताना बघायला हवं होतं आणि झालं नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पुढच्या वर्षी परत जाणार. आणि सोमवारी सुट्टी असतेच, म्हणून मंगळवारची रजा आत्ताच टाकून ठेवतो.