आई, कालचा भाग बघितलास?

मी मराठी मालिका बघतो. एवढं साधं वाक्य चारचौघांत सांगायला मला दहा वर्षं लागली. ऑफिसात सोमवारी 'सुट्टीत काय बघितलं' अशा गप्पा निघाल्या की मी एखाद्या कोरियन मालिकेचं नाव ठोकून द्यायचो. इथल्या मराठी मित्रांसमोर तर जास्तच पंचाईत. 'अरे, तू इंजिनिअर माणूस, आणि ते सासू-सुनांचं बघतोस?' असं विचारणाऱ्यांच्या घरी आई-वडील सहा महिने राहायला आले की दिवाणखान्यात काय लागलेलं असतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते असो.

मी कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरात राहतो. घरी केबल नाही. सुरुवातीला घेतली होती. त्यांच्या 'देशी' पॅकमध्ये हिंदी आणि पंजाबी चॅनेलं भरपूर, मराठी एकही नाही. सरेमध्ये पंजाबी लोकवस्ती एवढी मोठी आहे, की त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. वर्षभरानं केबल बंद केली आणि बाकीच्यांसारखा मीही इंटरनेटच्या वाटेला लागलो.

मी इथं आलो २०१४ साली. तेव्हा 'होणार सून मी ह्या घरची' जोरात होती. अधिकृतपणे ती इथं कशी बघायची ते मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शोधलंही नव्हतं. कुणीतरी चोरून चढवलेले भाग मिळायचे, तीन-तीन तुकड्यांत. चोरी आपोआप पकडणाऱ्या यंत्रणेला चित्र आणि आवाज ओळखता येऊ नये म्हणून ही मंडळी चित्र आरशासारखं उलटं करायची आणि आवाजाची पट्टी चढवायची. त्यामुळे मी जी मालिका बघितली त्यात सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर होता, सगळं घर डाव्या हातानं जेवत होतं आणि जान्हवीचा आवाज बालनाट्यातल्या सशासारखा होता. पुढं सुट्टीत सांगलीला गेलो आणि आईशेजारी बसून तीच मालिका सुलटी बघितली, तर मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आता तसं काही करावं लागत नाही. वर्षाची वर्गणी भरतो. इथं चौघं एकदा बाहेर जेवायला गेलो की जेवढं बिल होतं, साधारण तेवढीच. एखाद्या कार्यक्रमाचे हक्क एका देशात एकाकडे, दुसऱ्या देशात दुसऱ्याकडे असतात. तुम्ही कुठल्या देशातून बघताय हे अ‍ॅप तुमच्या आयपी पत्त्यावरून ओळखतं, आणि मग कधीकधी 'हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही' अशी पाटी येते. व्हीपीएन लावून त्यावर मात करणारे मित्र आहेत. मला ते तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण पस्तिशी ओलांडल्यावर मालिकेसाठी खोटा पत्ता सांगणं बरं वाटत नाही. अधिकृतपणे जे मिळतं त्यात माझं भागतं.

वर्गणी भरली आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बावीस मिनिटांच्या भागातून मागील भागाची उजळणी वजा केली, शीर्षकगीत वजा केलं, एका वाक्यावर सात जणांचे चेहरे तीन-तीन वेळा दाखवतात ते वजा केलं आणि उरलेलं दीडपट वेगानं बघितलं, की दहा मिनिटांत काम होतं. आठवड्याचे सहा भाग शनिवारी सकाळी तासाभरात उडवायचे. मला त्याचा केवढा अभिमान! बायकोनं एकदा विचारलं, "एवढी घाई असेल तर बघतोस कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

उत्तर खरं तर आईपाशी होतं. बाबा गेल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, आई सांगलीच्या घरी एकटी असते. इकडं ये म्हटलं तर येते, तीन महिने राहते, आणि झाडांना पाणी कोण घालणार म्हणून परत जाते. आमचा रोजचा फोन असतो. पण रोज काय बोलणार? जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, इथं पाऊस आहे, तिथं ऊन आहे. चार मिनिटांत दोन्हीकडचं संपतं. त्यानंतरचा सगळा फोन मालिकेवर चालायचा, हे मला बरीच वर्षं कळलंच नव्हतं. 'तिनं असं बोलायला नको होतं', 'पण तिची तरी काय चूक', असं करत करत आई स्वतःचंही काही सांगून जायची. ती सून म्हणून आमच्या घरात आली तेव्हाच्या काही गोष्टी मी पहिल्यांदा ऐकल्या, त्या दुसऱ्या कुणाच्या तरी सासूवर बोलताना.

हे मला कळलं २०२० साली. मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली आणि जुलैपर्यंत टीव्हीवर जुनंच दाखवत होते. ते चार महिने आमचे फोन म्हणजे सांगली जिल्ह्यात आज किती रुग्ण आणि ब्रिटिश कोलंबियात किती. नवे भाग सुरू झाले त्या दिवशी आई फोनवर पाऊण तास बोलली. मी घड्याळ बघितलं म्हणून आठवतंय.

तेव्हा आमची मालिका होती 'आई कुठे काय करते'. डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेली. मूळ बंगाली 'श्रीमयी'. हिंदीत तीच 'अनुपमा' झाली, आणि आमच्या शेजारच्या पंजाबी आंटी ती बघतात. त्यामुळे त्यांना आणि मला एकमेकांच्या मालिकेत पुढं काय होणार याचा साधारण अंदाज असायचा. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना आमची त्यावर चर्चा व्हायची. तिकडं अनुपमा, आमच्याकडे अरुंधती. नवरा दोघींचाही तसलाच.

मालिका भारतात संध्याकाळी साडेसातला लागायची. उन्हाळ्यात आमच्याकडे तेव्हा सकाळचे सात, नोव्हेंबरात घड्याळ मागं गेलं की सहा. पण वर्गणीदारांना भाग टीव्हीच्या आधीच मिळायचा, भारतातल्या पहाटे. म्हणजे मंगळवारचा भाग माझ्या हातात सोमवारी संध्याकाळी. आईच्या दिव्याच्या वेळेला जे घडणार ते मला रात्रीच ठाऊक. २०२१ मध्ये अनिरुद्ध-अरुंधतीच्या घटस्फोटाचं चाललं होतं, तेव्हा मी फोनवर उत्साहानं सांगून टाकलं, की ती सही करते आणि घर सोडते. पलीकडे एकदम शांतता. मग आई म्हणाली, "सांगायचं नव्हतंस रे. मी संध्याकाळची वाट बघत होते." तिला शेवट ठाऊक नव्हता असं नाही. अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होता. तिला तो साडेसातला बघायचा होता.

तेव्हापासून मी ठरवलं, की आईच्या आधी बघायचं नाही, आणि आठवड्याचं साठवूनही बघायचं नाही. रोजचा भाग रोज, सकाळी लेकीचा डबा भरताना, नेहमीच्या वेगानं. चेहऱ्यांसकट. आमची लेक बाजूला दूध पीत बसलेली असते. त्यामुळे एकदा कप फुटला तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवून "हे कुणाचं कारस्थान आहे?" असं शुद्ध मराठीत विचारलं. शनिवारच्या मराठी शाळेत हा शब्द अजून आलेला नाही.

आणि मग दोन वर्षांनी एका गुरुवारी सकाळी आईला विचारलं, "कालचा भाग बघितलास?"

"बघितला की. छान होता."

छान? आमची आई मालिकेला कधी छान म्हणत नाही. साडी बरी नव्हती, रडणं फार झालं, डॉक्टर असं कुठं बोलतात का, असं काहीतरी असतंच. मी विचारलं, शेवटी कोण आलं? "अरे, तेच ते, नेहमीचं." मी फोन ठेवला आणि समोरच्या काकूंना लावला. बुधवारी दुपारी आई न्हाणीघरात घसरली होती. मनगट मोडलं होतं, प्लास्टर घालून ती काकूंकडे झोपून होती. "तुला कळवू नको म्हणाल्या, उगाच काळजी करशील," काकू मला म्हणाल्या. पाचव्या दिवशी मी सांगलीत होतो.

आईची तब्येत कळावी म्हणून मी काय काय केलं होतं! पायऱ्या मोजणारं घड्याळ घेऊन दिलं, ते कपाटात. कॅमेरा लावतो म्हटलं, तर "मी काय चोर आहे?" असं उत्तर मिळालं. आजारपण लपवायची तिला चाळीस वर्षांची सवय आहे. मालिका बघितली नाही हे मात्र तिला लपवता आलं नाही. आणि मी जर तेव्हाही शनिवारी गठ्ठ्यानं बघत असतो, तर बुधवारचं मला शनिवारी तरी कळलं असतं का, शंकाच आहे.

म्हणून मला वाटतं, मालिका संथ असते म्हणून आपण तिची टिंगल करतो, पण माझ्या तरी ती त्या संथपणामुळेच उपयोगी पडली. रोज थोडंसंच घडतं, म्हणून रोज बोलायला थोडंसं उरतं. दहा भागांची इंग्रजी मालिका आपण एका रात्रीत संपवतो. तिच्यावर आईशी काय बोलणार, आणि दुसऱ्या दिवशी काय? मालिका म्हणजे थोर कलाकृती असं माझं म्हणणं नाही. खिरीत कुणीतरी काहीतरी मिसळतं आणि दाराआडून कुणीतरी ऐकतं, हे मलाही दिसतं. आईला माझ्या आधी दिसतं.

आमच्याकडे हे जुनंच आहे म्हणा. मी कॉलेजात असताना सांगलीत संध्याकाळी भारनियमन असायचं. 'वादळवाट'चा भाग हुकला की आई मिरजेच्या मावशीला फोन लावायची, कारण तिथली वीज दुसऱ्या वेळेला जायची. मावशी वीस मिनिटांचा भाग चाळीस मिनिटांत सांगायची, संवादांसकट, आणि मध्येच भाजीचे भाव. मी आतल्या खोलीत अभ्यास करायचं सोडून कंदिलाच्या उजेडात दोघींना नावं ठेवायचो.

मार्च २०२४ मध्ये 'आई कुठे काय करते'ची वेळ बदलली आणि ती दुपारी अडीचला गेली. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे दोन. मला वाटलं, संपलं आता. दुपारी आईचा डोळा लागतो. पण चुलतभावाच्या मुलानं तिच्या मोबाइलवर अ‍ॅप घालून दिलं, कसं लावायचं ते वहीत पाच पायऱ्यांत लिहून दिलं, आणि आई तीच मालिका पूर्वीसारखी बरोब्बर साडेसातला बघायला लागली. देवापुढं दिवा लावायचा, चष्मा पुसायचा, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा. चॅनेलनं वेळ बदलली, तिनं नाही. मी तिला म्हटलं, अगं, आता अ‍ॅपवर कधीही बघता येतं. "कधीही बघायचं म्हटलं की मग बघणं होत नाही," असं म्हणून तिनं विषय संपवला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मालिका संपली. पाच वर्षं. शेवटच्या भागाच्या दिवशी आम्ही फारसं बोललो नाही. तिनं एवढंच विचारलं, "आता काय लावायचं?"

मी म्हटलं, 'ठरलं तर मग' लावू या.

"ती मी पहिल्यापासून बघते. तू दोन वर्षं मागं आहेस."

मी हिशोब केला. मागचे सगळे भाग अ‍ॅपवर आहेत. दीडपट वेगानं, उजळणी गाळून, रोज पाच-सहा बघितले तर साडेतीन-चार महिन्यांत आईला गाठता येईल. तसं तिला सांगितलं.

"काही नको," आई म्हणाली. "मागचं मी सांगते. तू डबा भर."

पहिल्या दिवशी ती सायली आश्रमात कशी वाढली इथपर्यंत आली. मध्ये काकूंच्या नातवाचं लग्न ठरल्याचं कळलं, शेवग्याच्या शेंगा किती महाग झाल्यात ते कळलं, आणि मनगट थंडीत अजून ठणकतं, हेही कळलं.