गडाभोवतीचे रान हाही तटच

दुर्गसंवर्धन म्हणजे ढासळलेले चिरे सांधणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (इ.स. १७१५च्या सुमारास) मात्र गडाच्या घेऱ्यातील झाडीही संरक्षणातच मोजते आणि तिच्या तोडीस सक्त मनाई करते. शत्रूची वाट अडवणारा, तोफा पुढे सरकू न देणारा आणि दर पावसाळ्यात आपला आपण दुरुस्त होणारा हा तट! बुरुजाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ काढावाच. पण त्याच उत्साहात पायथ्याचे रान साफ करणे म्हणजे बाहेरचा तट स्वहस्ते पाडणे होय.

आमच्या घाटकोपरच्या पूर्वेस ठाणे खाडीतील तिवरे हेच काम करतात. मुळांच्या जाळ्यात गाळ धरतात, भरतीचा जोर मोडतात. आणि आपण त्या राखणीला पडीक जागा म्हणतो.