हमिंगबर्डचे पथ्यपाणी

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाणारे आई-वडील हल्ली आपल्या तालुक्याच्या गावांतूनही बरेच असतात. निघण्यापूर्वी गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला ते माझ्याकडे येतात. परत आल्यावर बहुतेकांची तक्रार एकच असते, "डॉक्टर, सगळे छान होते, पण दिवस सरत नाही." मुले कामावर, नातवंडे शाळेत, बोलायला शेजार नाही. अशा रिकामपणात भूक, झोप आणि मन तिन्ही बिघडते. त्यांना मी एक बिनगोळीचा उपाय सांगतो. परसदारी हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली टांगा आणि रोज तासभर समोर बसा.

हमिंगबर्ड उत्तर व दक्षिण अमेरिकेतच आढळतो. आपल्या जास्वंदीवर येणारा शिंजीर वेगळ्या कुळातला. अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात दिसणारा लालकंठी हमिंगबर्ड जेमतेम ३ ग्रॅमचा. त्याचे पंख सेकंदाला पन्नासएक वेळा हलतात, उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजारावर जातात. हिवाळ्यापूर्वी दक्षिणेला जाताना यातले कित्येक पक्षी मेक्सिकोचे आखात, सुमारे ८०० किलोमीटर, न थांबता पार करतात.

फोटो काढायचे असतील तर आठ-दहा फुटांवर गुपचूप बसावे. पाखरू लवकरच सरावते. शटरचा वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवला तर पंख बऱ्यापैकी स्पष्ट येतात. ड्यू पाँट या रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी हाच छंद जोपासून १९६० साली हमिंगबर्डवर ग्रंथ काढला. कामाच्या धबडग्यातल्या माणसाला जे साधले, ते निवृत्तांना का साधू नये?

मात्र माझे स्पष्ट मत आहे की, ज्याला बाटली धुण्याचा कंटाळा आहे त्याने ती टांगूच नये. आपली माया नेहमी चमचाभर जास्तच साखर घालते. इथे तसे चालत नाही. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, हेच प्रमाण. मध औषधी म्हणून घालू नये, त्यात बुरशी लवकर धरते. गूळ घालू नये, त्यातले लोह पाखराला बाधू शकते. लाल रंगाची गरज नाही, बाटलीचा लाल भाग पुरतो. आणि मधुमेह तुम्हाला आहे, पाखराला नाही. तुमची बिनसाखरेची गोळी त्याला दिली तर त्याच्या पोटात ताकद काहीच जाणार नाही.

दर दोन-तीन दिवसांनी उरलेले पाणी ओतून द्यावे. कडक उन्हाळ्यात तर रोज. बाटली गरम पाण्याने, ब्रशने घासून धुवावी. पाणी गढूळ दिसले किंवा आत काळे ठिपके आले तर क्षणभरही ठेवू नये. बाटली सावलीत टांगावी. खिडकीपासून तीन फुटांच्या आत ठेवली, तर काचेवर जोरात आदळण्याचा धोका कमी होतो. बागेत कीटकनाशक फवारू नये. बारीक किडे आणि कोळी हेही त्याचे अन्न आहे.

एवढे केले की सकाळी उठायला कारण मिळते, हातांना काम मिळते, संध्याकाळी नातवंडांना दाखवायला काही असते. फोटो अस्पष्ट आला तरी बिघडत नाही. बाटली अस्वच्छ राहिली, तर मात्र आपल्या करमणुकीची किंमत ३ ग्रॅमचा जीव मोजतो.